व्हीझेड-एच आणि टी१०५२ : प्रकल्प नोंदी

६ जुलै २०२४

काम असं: ११ डिसेंबर १९४१ ला इंग्लंडमधल्या लिंकनशायरवर हवेत आदळलेली दोन विमानं एकाच प्रमाणात बनवून एकाच टेबलावर मांडायची.

पहिलं स्पिटफायर मार्क पाच-बी (मार्क म्हणजे विमानाची आवृत्ती), सिरियल एडी२९१, अंगावर व्हीझेड-एच ही अक्षरं. रॉयल कॅनेडियन एअर फोर्सची ४१२ स्क्वाड्रन, वैमानिक पायलट ऑफिसर जॉन गिलेस्पी मॅगी. दुसरं एअरस्पीड ऑक्सफर्ड, सिरियल टी१०५२, क्रॅनवेलच्या तळावरचं शिकाऊ विमान. ते चालवत होता लीडिंग एअरक्राफ्टमन अर्नेस्ट ऑब्रे ग्रिफिन. दोघंही १९ वर्षांचे, दोघंही त्याच सकाळी गेले.

मॅगीचं नाव त्याच्या ‘हाय फ्लाइट’ या कवितेमुळे टिकलं, त्यामुळे व्हीझेड-एच हे मॉडेल करणाऱ्यांचं लाडकं विमान. टी१०५२ ला सहसा कुणी हात लावत नाही. पिवळं पोट, दोन बुटकी इंजिनं, एकही बंदूक नाही, मग पैसे कोण घालणार? पण धडकेला दोन बाजू असतात. एकच विमान ठेवलं तर तो अपघात न राहता नुसतं स्मारक होतं. म्हणून दोन्ही.

प्रमाण १:७२. ऑक्सफर्ड चांगल्या इंजेक्शन किटमध्ये याच प्रमाणात सहज मिळतं, आणि मोठ्या प्रमाणात गेलं तर दोघांना मिळून टेबल पुरत नाही. हिशोब:

स्पिटफायर: पंखांचा पसारा ३६ फूट १० इंच, म्हणजे मॉडेलवर १५६ मिमी. लांबी २९ फूट ११ इंच, म्हणजे १२७ मिमी.
ऑक्सफर्ड: पसारा ५३ फूट ४ इंच, म्हणजे २२६ मिमी. लांबी ३४ फूट ६ इंच, म्हणजे १४६ मिमी.

किट हातात आल्यावर पहिलं काम व्हर्नियर (बारीक मापाची पट्टी) लावून हे चार आकडे तपासण्याचं. एखादा मिलिमीटर इकडेतिकडे चालेल. त्याहून जास्त फरक निघाला तर बहुतेक वेळा पंखांची टोकं चुकीची असतात, बुंधा (विमानाचं मधलं धड) नाही.

१३ जुलै २०२४

घटनेचा कागद तयार केला, म्हणजे पुढे प्रत्येक वेळी चर्चा नको.

मॅगीचा जन्म शांघायचा, ९ जून १९२२. वडील अमेरिकन मिशनरी, आई इंग्रज. शिक्षण इंग्लंडमधल्या रग्बी या शाळेत. १९३९ मध्ये अमेरिकेला गेला असताना युद्ध सुरू झालं आणि परतीचा रस्ता बंद झाला. येल विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळाली होती, ती सोडून ऑक्टोबर १९४० मध्ये तो कॅनडाच्या हवाई दलात शिरला. अमेरिका तेव्हा युद्धात नव्हती. कॅनडात ओंटारियोतल्या सेंट कॅथरिन्सला प्राथमिक उड्डाण, ओटावाजवळ अपलँड्सला पुढचं शिक्षण, मग वेल्समध्ये लॅंडाओला स्पिटफायरची ओळख. सप्टेंबर १९४१ च्या अखेरीस डिग्बीला ४१२ स्क्वाड्रनमध्ये दाखल. ऑक्टोबरमध्ये स्क्वाड्रन जवळच्याच वेलिंगोरच्या गवती धावपट्टीवर हलली.

११ डिसेंबरला सराव संपवून चार स्पिटफायर ढगातल्या एका फटीतून वेगाने खाली येत होती. साधारण साडेअकराला, सुमारे १,४०० फुटांवर, ढगांच्या तळाच्या लगेच खाली मॅगीचं विमान ऑक्सफर्डवर आदळलं. खाली रॉक्सहोम नावाची वाडी, क्रॅनवेल आणि डिग्बी या दोन तळांच्या मध्ये. एका शेतकऱ्याने चौकशीत सांगितलं की स्पिटफायरचा वैमानिक हूड (डोक्यावरचं काचेचं झाकण) मागे सारायची धडपड करत होता, मग तो उभा राहिला आणि त्याने उडी मारली. पॅराशूट उघडायला उंची उरली नव्हती. त्याची कबर स्कॉपविकच्या दफनभूमीत आहे, डिग्बीच्या तळाजवळच.

त्याच दिवशी जर्मनीने अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारलं. ही ओळ माहितीफलकावर घ्यायची की नाही यावर वाद झाला. घेतली नाही. योगायोग मोठा आहे, पण त्याचा विमानांशी संबंध नाही.

२० जुलै २०२४

मांडणी ठरली. धडक दाखवायची नाही. तुटलेला पंख, धूर, आग यातलं काही नाही. दोन्ही विमानं उडत्या अवस्थेत, चाकं आत, वेगवेगळ्या दांड्यांवर.

खरी उंची प्रमाणात दाखवता येते का ते पाहिलं. १,४०० फूट म्हणजे ४२७ मीटर, १:७२ मध्ये ५.९ मीटर. दोन मजल्यांच्या घराएवढी उंची लागेल. सोडून दिलं.

या आकड्यातून उडीचा हिशोब मात्र निघतो. ४२७ मीटरवरून नुसतं सोडलेलं काहीही, हवेचा विरोध न धरता, नऊ-साडेनऊ सेकंदांत जमिनीवर येतं. इथे विमान आधीच खाली येत होतं, म्हणजे हातात वेळ त्याहून कमी. तेवढ्यात पट्टे सोडायचे, हूड उघडायचं, उभं राहायचं, बाहेर पडायचं, दोरी ओढायची आणि छत्री भरेपर्यंत उंचीही शिल्लक ठेवायची. स्पिटफायरचं हूड रुळावरून मागे सरकतं, आणि वेग जास्त असला की हवेच्या दाबामुळे ते हलवायला जोर लागतो.

२७ जुलै २०२४

स्पिटफायरचं जोडकाम. किटमध्ये बऱ्याचदा दोन-तीन मार्कचे भाग एकत्र येतात, चुका तिथेच होतात. पाच-बी साठी तपासायच्या जागा:

ऑइल कूलर डाव्या पंखाखाली. मार्क पाचचं तोंड गोल आणि खोल, आधीच्या मार्कचं अर्धगोल. जुना भाग चिकटवला तर लांबूनही कळतं.
तोफा: प्रत्येक पंखात एक २० मिमी तोफ, नळी लांब, आणि वर ड्रमसाठी फुगवटा. ड्रममध्ये ६० गोळे बसत, त्या ड्रमसाठीच हा फुगवटा. घासताना तो सपाट होणार नाही याची काळजी.
बाहेरच्या बाजूला प्रत्येक पंखात दोन .३०३ मशीनगन. उड्डाणाआधी त्यांच्या तोंडांवर लाल डोप (विमानाच्या कापडाला लावायचं वार्निश) लावलेलं कापड चिकटवलेलं असे. रंगकामानंतर डेकलच्या (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील चित्रांच्या) लाल फिल्मचे बारीक चौकोन लावायचे.
शेपटीचं चाक स्थिर. विमान उडत असलं तरी ते बाहेरच दिसतं. "चाकं आत" म्हणून तेही काढून टाकू नये.

चाकांची दारं बंद स्थितीत बसवणं उघडी बसवण्यापेक्षा अवघड. किट उभ्या विमानासाठी बनवलेलं असतं, दारं दोन दशांश मिलिमीटर मोठीच निघतात. कडा ४०० च्या पॉलिश पेपरवर एकेक घासा मारून कमी करायच्या आणि दर घाशानंतर बसवून पाहायचं. उरलेली फट पुट्टीने भरू नये, पांढरा पातळ गोंद ब्रशने सोडावा आणि ओल्या कापडाने पुसावा. पुट्टी घासताना आजूबाजूच्या खाचा पुसल्या जातात.

पंख्याची पाती कापून टाकली. त्याजागी ०.२५ मिमी पारदर्शक ॲसिटेटची चकती, व्यास ४५.५ मिमी (मूळ पंखा १० फूट ९ इंच). चकतीवर रेघा ओढून फिरण्याचा भास करू नये, खेळण्यासारखं दिसतं. कडेला पिवळ्याचा अगदी हलका फवारा पुरतो.

३ ऑगस्ट २०२४

ऑक्सफर्ड. मूळ विमान लाकडी सांगाड्याचं, वर प्लायवूड. त्यामुळे पत्र्याच्या विमानासारख्या रिव्हेटच्या रांगा इथे शोभत नाहीत. किटवर खाचा खोल असतील तर प्रायमरचे दोन जाड हात देऊन त्या मऊ करायच्या.

टरेट (पाठीवरचा फिरता बंदुकीचा घुमट) बसवायचा नाही. तो तोफचींच्या शिक्षणासाठी. पाठीवरचं भोक झाकणाने बंद करून घासून सपाट करायचं.

इंजिनं आर्मस्ट्राँग सिडली चीता, सात सिलिंडरची, ताऱ्यासारखी मांडणी. पंखा इथे दोन पात्यांचा, म्हणून चकतीही स्पिटफायरपेक्षा फिकट ठेवली.

आत दोन आसनं शेजारी-शेजारी, दोन्हीकडे नियंत्रणं. शिकणारा डावीकडे. एकच पुतळा डाव्या आसनावर, उजवं आसन रिकामं. किटमध्ये दोन पुतळे येतात म्हणून दोन्ही बसवायचे नाहीत. काचा मोठ्या आहेत, आतलं सगळं दिसतं. म्हणून रिकाम्या आसनावर पट्टे व्यवस्थित घडी घालून ठेवले: शिशाच्या फॉइलची १ मिमी रुंद पट्टी, टोकाला बारीक तारेची बकल.

काचांना इन्स्टंट ग्लू चालत नाही, त्याच्या वाफेने काच आतून पांढरट होते आणि मग काढायला मार्ग नसतो. पांढरा गोंद, आणि सुकायला पूर्ण एक रात्र.

१७ ऑगस्ट २०२४

पावसाळी हवा. लॅकर रंग दमट हवेत मारला की थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतली वाफ बसते आणि रंग दुधाळ होतो. दमटपणा ७५ टक्क्यांवर असेल त्या दिवशी लॅकर नाहीच. घाई असेल तर थिनरमध्ये रिटार्डर (सुकणं लांबवणारं द्रव) १० टक्क्यांपर्यंत. त्याहून जास्त घातला तर रंग दिवसभर चिकट राहतो आणि बोटाचे ठसे उमटतात.

ऑक्सफर्डचं पिवळं पोट पहिल्यांदा. पिवळा हा झाकायला सगळ्यात दुबळा रंग. राखाडी प्रायमरवर थेट मारला तर हिरवट दिसतो. आधी पांढरा, मग गुलाबी छटेचा पातळ थर, मग पिवळा. गुलाबीमुळे ट्रेनर यलोला हवी ती ऊब येते. एअरब्रशला ०.३ मिमीची सुई, हवेचा दाब १२ ते १५ पीएसआय, रंग आणि थिनर निम्मेनिम्म, पाच-सहा पातळ हात. एका जाड हातात काम उरकलं की कडेला रंग साचतो आणि मास्किंग टेप काढताना पापुद्र्यासारखा निघतो.

वरची बाजू डार्क अर्थ आणि डार्क ग्रीन, म्हणजे मातकट तपकिरी आणि गडद हिरवा. आधी तपकिरी, मग हिरवा. कडा हाताने नाही, मास्किंग पुट्टीच्या वळ्या ठेवून.

१८ ऑगस्ट २०२४

या प्रकल्पात सांगण्यासारखं काही असेल तर ते या रंगात आहे.

शिकाऊ विमान पिवळं रंगवतात ते लांबून दिसावं म्हणून. पण युद्धकाळात वरची बाजू मुद्दाम लपवलेली, तळावर उभं असताना शत्रूच्या विमानाला दिसू नये म्हणून. पिवळा राहिला तो पोटाला. म्हणजे खालून पाहणाऱ्याला ऑक्सफर्ड ठळक आणि वरून येणाऱ्याला डिसेंबरच्या नांगरलेल्या शेतात मिसळलेलं. स्पिटफायर वरून येत होतं.

उलट बाजूही तशीच. १९४१ च्या ऑगस्टपासून लढाऊ विमानांचं पोट मीडियम सी ग्रे, फिकट राखाडी. ढगाच्या तळाखाली उडणाऱ्या ऑक्सफर्डमधून वर पाहिलं तर राखाडीवर राखाडी.

हा आमचा निष्कर्ष आहे, चौकशीतला नाही. पण दोन मॉडेलं शेजारी ठेवून वरून आणि खालून पाहिली की तो आपोआप निघतो, आणि मांडणी यासाठीच करायची असं ठरलं.

२४ ऑगस्ट २०२४

गच्चीवर चाचणी. १:७२ मध्ये एक मैल म्हणजे २२.४ मीटर. ऑक्सफर्ड मातकट-हिरव्या जाजमावर ठेवून तेवढ्या अंतरावरून पाहिलं. सोळा मीटर पसाऱ्याचं विमान एका मैलावरून साधारण पौर्णिमेच्या चंद्राएवढं दिसतं, अर्ध्या अंशाहून थोडं जास्त. कुठे आहे ते माहीत असूनही शोधावं लागतं. तेच उलटं धरून पोट दाखवलं की लगेच दिसतं.

स्पिटफायरचा वेग ताशी ३०० मैल धरला तर मैल १२ सेकंदांत संपतो आणि अर्धा मैल ६ सेकंदांत. अर्ध्या मैलावर, म्हणजे ११ मीटरवरून, ऑक्सफर्ड जाजमावरही ओळखू येतं. पण ढगातून बाहेर पडणाऱ्याला तेवढं अंतर मिळालंच पाहिजे ना! ढगाचा तळ आणि ऑक्सफर्ड एकमेकांच्या अगदी जवळ होते, म्हणजे सेकंदांचा प्रश्न एक-दोनवर येतो.

आणखी दोन गोष्टी धरायला हव्यात. स्पिटफायरचं नाक लांब, समोरचा आणि खालचा बराच भाग ते झाकतं. कॉकपिटच्या जागेवरून पिनहोल कॅमेऱ्यासारख्या भोकातून पाहून हे मॉडेलवरही तपासता येतं. दुसरं, गटाने उतरताना मागच्यांची नजर पुढाऱ्याच्या विमानावर असते. आजूबाजूला पाहायचं काम पुढाऱ्याचं. आणि त्या भागात वेलिंगोर, डिग्बी, क्रॅनवेल असे तळ काही मैलांच्या आत, एकीकडे लढाऊ तुकडी, दुसरीकडे शिकणारी मुलं, वर एकच आकाश.

७ सप्टेंबर २०२४

स्पिटफायरचे रंग. पोट मीडियम सी ग्रे, वर डार्क ग्रीन आणि ओशन ग्रे. नवी रंगयोजना आली तेव्हा ओशन ग्रेचा पुरवठा पुरेसा नव्हता. म्हणून तळांवर सात भाग मीडियम सी ग्रे आणि एक भाग काळा मिसळून राखाडी करत. हे मिश्रण ओशन ग्रेइतकं निळसर नसतं. एडी२९१ साठी कुठलं घ्यायचं यावर दोन मतं होती. ओशन ग्रेच घेतला, पण निळसरपणा मोडण्यासाठी वरून मीडियम सी ग्रेचा अगदी पातळ फवारा.

पंखांच्या पुढच्या कडेला बाहेरच्या भागात पिवळी पट्टी. नाकाचा शंकू आणि शेपटीआधीचा पट्टा स्काय (फिकट हिरवट) रंगाचा. पट्टा १८ इंच, मॉडेलवर ६.३५ मिमी. ६ मिमी टेप सरळ वापरावी असा मोह होतो, पण फरक डोळ्याला कळतो. ७ मिमी टेप पट्टीवर ठेवून कापावी.

हा पट्टा अनेकदा सिरियलच्या आकड्यांवरून जायचा. काही ठिकाणी रंगाऱ्यांनी आकड्यांभोवती चौकट सोडली, काही ठिकाणी आकडे अर्धवट झाकले गेले. आपल्या मॉडेलवर चौकट सोडली, सिरियल वाचता यावा म्हणून.

१४ सप्टेंबर २०२४

गोल चिन्हं. इथे सर्वात जास्त मॉडेलं चुकतात. १९४२ च्या मध्यापासून बारीक पांढऱ्या-पिवळ्या कडांची नवी चिन्हं आली आणि बाजारातले बहुतेक डेकल तीच देतात. डिसेंबर १९४१ ला ती चालत नाहीत. हवी ती अशी:

बुंध्यावर: लाल, पांढरा, निळा, पिवळा, चारही कडी समान रुंदीची. व्यास ३५ इंच, मॉडेलवर १२.३ मिमी.
पंखांच्या वर: फक्त लाल आणि निळा.
पंखांखाली: लाल, पांढरा, निळा.
शेपटीवर: २४ इंच रुंद, २७ इंच उंच, तीन सारखे पट्टे. म्हणजे ८.५ गुणिले ९.५ मिमी, प्रत्येक पट्टा २.८ मिमी.

व्हीझेड-एच ही अक्षरं स्काय रंगात. घरचा प्रिंटर पांढरी शाई छापत नाही, त्यामुळे फिकट रंगाचं अक्षर पारदर्शक डेकलवर छापलं तर खालचा हिरवा दिसतो. म्हणून स्टेन्सिल: मास्किंग फिल्ममध्ये ८.५ मिमी उंचीची अक्षरं नव्या पात्याने कापायची आणि फवारा काटकोनात मारायचा. तिरका मारला की रंग कडेखाली शिरतो. सिरियल मात्र काळे, २.८ मिमी उंच, ते लेझर प्रिंटरवर सरळ छापता येतात. छापल्यावर वार्निशचे दोन हात आणि एक रात्र सुकवणं, नाहीतर पाण्यात पावडर सुटते.

ऑक्सफर्डवर सिरियलशिवाय कुठलंही अक्षर लावलं नाही. कल्पनेने अक्षरं घालून मॉडेल भरगच्च दिसतं, पण मग ते टी१०५२ राहत नाही.

२८ सप्टेंबर २०२४

दांड्या. ५ मिमी ॲक्रिलिकची दांडी, पोटात ५ मिमी आतल्या व्यासाची पितळी नळी, १५ मिमी लांब. नळी जोडकामाच्या वेळीच इपॉक्सीने बसवलेली हवी, नंतर भोक पाडलं तर ड्रिल सांधा उकलतं. जागा पंखाच्या रुंदीच्या पुढून एक तृतीयांश भागात, विमान दोन बोटांवर तोलून मग खूण. ऑक्सफर्डची शेपटी लांब, तिथे नाकात मासेमारीचं शिसं घातल्याशिवाय तोल येत नाही.

ऑक्सफर्डची दांडी १२ सेंमी, स्पिटफायरची ३० सेंमी. दोन्हींमध्ये टेबलावर ६० सेंमी अंतर. ऑक्सफर्ड सपाट, स्पिटफायर नाक किंचित खाली. दोन्हींची तोंडं एकमेकांकडे नाहीत.

खालची फळी १८ मिमी, वर मातकट-हिरव्या शेतांचा छापील नकाशा, १:५०,०००, एक मैल म्हणजे ३.२ सेंमी. वेलिंगोर, डिग्बी, क्रॅनवेल, रॉक्सहोम, स्कॉपविक एवढीच नावं. नकाशावर चकाकी नको. मॅट लॅमिनेशन, नाहीतर वरच्या दिव्याचा उजेड पडून ऑक्सफर्ड उगाच उठून दिसतं.

उंची फार महत्त्वाची. टेबल ७५ सेंमी ठेवलं की उभ्या मोठ्या माणसाला ऑक्सफर्डची पाठ दिसते आणि खाली बसलेल्या मुलाला पोट. टेबलाची उंची वाढवायची सूचना आली होती, फेटाळली.

५ ऑक्टोबर २०२४

फलकाचा मजकूर पक्का. दोन नावं, दोन हुद्दे, दोन विमानं, एक तारीख, एक ठिकाण. दोन्ही नावांचा टाइप एकाच आकाराचा. कवितेची ओळ नाही. मॅगीच्या कबरीवर तिची पहिली आणि शेवटची ओळ कोरलेली आहे, तिथे ती योग्य जागी आहे. इथे घातली की दुसरं नाव परत तळटीप होतं.

राहिलेली कामं: स्पिटफायरच्या एक्झॉस्टला गंजाची छटा आणि पाठीमागे फिकट राखाडी पट्टा, ऑक्सफर्डच्या नॅसेलमागे (इंजिनाच्या आवरणामागे) तेलाचे डाग (शिकाऊ विमानावर ते हवेतच, पण पिवळ्यावर तपकिरी, काळे नव्हेत), आणि दोन्हींवर मॅट वार्निश. वार्निश ऑक्टोबरच्या कोरड्या दुपारी. धुळीसाठी ३ मिमी ॲक्रिलिकची पेटी, समोरची बाजू सरकती. चिकटवलेली पेटी पहिल्याच हलवाहलवीत दांड्या मोडते.